इम्पॅक्ट फॅक्टर: आधी छेद बघा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत प्रमोशनच्या फायली भरायला लागल्या की ‘इम्पॅक्ट फॅक्टर ६.३१४, आठ दिवसांत प्रकाशन’ असे जर्नलांचे, म्हणजे शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे, मेल सुरू होतात. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलमधल्या एका निबंधाचा इतर निबंधांत सरासरी किती वेळा संदर्भ दिला गेला, तो आकडा. मेलमध्ये सहाच का? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत ५ ते १० इम्पॅक्ट फॅक्टरच्या शोधनिबंधाला २५ जादा गुण आहेत, एकच्या आतल्याला १०. मेलमधला आकडा या कोष्टकाकडे बघूनच बेतलेला असतो.

खरा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी काढते. समजा, एका जर्नलने २०२२ मध्ये ६० आणि २०२३ मध्ये ४० निबंध छापले. या दोन वर्षांतल्या मजकुराला २०२४ मध्ये १८० सायटेशन, म्हणजे इतर निबंधांतले संदर्भ, मिळाली. १८० भागिले १००, म्हणजे २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर १.८.

गोम आहे ती छेदात. छेदात फक्त संशोधन निबंध आणि रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे लेख, मोजतात. अंशात मात्र संपादकीय, पत्रं, सगळ्यांची सायटेशन येतात. त्याच शंभरांतले ३० छोटे लेख ‘संपादकीय’ सदरात ढकलले आणि ते तसेच धरले गेले, तर १८० भागिले ७०, आकडा थेट २.६! केळीचे सगळे घड काट्यावर चढवायचे आणि सरासरी काढताना त्यातले काही मोजायचेच नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

मुळात सरासरीच ती. ‘अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या स्फटिकशास्त्राच्या जर्नलचा आकडा २००८ मध्ये २ च्या आसपास होता, २००९ मध्ये ४९.९ झाला. कारण एकच निबंध: शेलएक्स या सॉफ्टवेअरवरचा, जो वापरणारा प्रत्येक जण उद्धृत करत होता. शेजारच्या निबंधांना त्यातलं काहीच मिळालं नव्हतं. म्हणून जर्नलच्या आकड्यावरून एका माणसाचं काम तोलणं मला सरळ अन्याय वाटतो.

दुसरी युक्ती तुमच्या निबंधावरच्या संपादकाच्या शेऱ्यात सापडते: ‘आमच्या जर्नलमधले गेल्या दोन वर्षांतले पाच-सहा निबंध संदर्भांत घ्या.’ ‘दोन वर्षांतले’ हे शब्द नीट वाचा. मोजणीची खिडकी तेवढीच असते. विषयाला लागू असतील ते घ्या, बाकीचे का घेतले नाहीत ते उत्तरात एकेका ओळीत लिहा. अशा स्वसंदर्भांचा किंवा दोन-चार जर्नलांच्या आपसांतल्या देवाणघेवाणीचा अतिरेक दिसला, तर क्लॅरिव्हेट त्या वर्षीचा आकडाच रोखते.

मेलमधला ६.३१४ ओळखायला एक सोपी खूण आहे. जून २०२३ पासून, म्हणजे २०२२ च्या आकड्यापासून, इम्पॅक्ट फॅक्टर दशांशानंतर एकच अंक देऊन जाहीर होतो. त्यानंतरच्या वर्षाचा म्हणून तीन अंकी दशांश दाखवला, तर तिथेच थांबा. मग जर्नलचा आयएसएसएन, म्हणजे ओळख क्रमांक, क्लॅरिव्हेटच्या मास्टर जर्नल लिस्टमध्ये टाका. ही यादी फुकट बघता येते. नाव आलं तरी मेलमधली लिंक उघडू नका. खऱ्या जर्नलचा आयएसएसएन लावून हुबेहूब बनावट साइट उभ्या करतात, आणि फी तिकडेच जाते.