आत्या आणि मॅस्टोडॉन

आज परभणीच्या घरी माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली आणि कॉलेजात वाचलेलं इंग्रज विनोदी लेखक वुडहाऊसचं 'द इनिमिटेबल जीव्हज' हाती लागलं. १९२३ चं पुस्तक! चहा गार झाला, पण उठवलं नाही.

त्यात आत्या एकमेकींना साद घालतात ती कशी? आदिम दलदलींच्या आरपार मॅस्टोडॉन हंबरावेत तशी. मॅस्टोडॉन म्हणजे हत्तीसारखं, कधीच नामशेष झालेलं अवाढव्य जनावर. एका उपमेत अख्खं खानदान डोळ्यांपुढं उभं राहतं. केवढी ही ताकद!

आणि आज्जी आठवली. दारात घुटमळलं की म्हणायची, "खळ्यातल्या तिवड्यावानी काय उभा राहिलास रे?" तिवडा म्हणजे मळणीसाठी खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब. शाळेत उपमेय-उपमान पाठ केलं, पण उपमेची चव लागली ती आज्जीच्या ओसरीवर. तिची अशी बोलणी आता वहीत उतरवायला घेतलीत. तुमच्या घरातली आठवत असतील तर लिहा ना खाली.