टपाला गादी कशाला?

अमळनेरच्या बाजारात गाडी उभी केली की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, टपले गादी कसाले?" गाड्यांतले जाणकार भेटले तर दुसरा येतो: मूळ हूड, म्हणजे घडीचं कापडी छत, असताना हा वेगळा, गादी भरलेला, काढता-घालता येणारा टप करून तुम्ही गाडीचं अस्सलपण घालवलं नाही का? उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगून माझंच समाधान होत नाही, म्हणून इथे नीट लिहिते.

गाडी आमच्या आजेसासऱ्यांची, मॉरिस एट. हे मॉडेल इंग्लंडात १९३४च्या ऑक्टोबरात आलं. इंजिन चार सिलिंडरचं, ९१८ सीसीचं. आमची टूरर आहे, म्हणजे वरून उघडी. तिला मागे घडी होणारं कॅनव्हासचं हूड आणि बाजूला अडकवायचे पडदे. इंग्लंडातल्या रिमझिमीला ते पुरत असेल. आमच्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि एकपदरी कापड तापलं की धग थेट टाळूवर उतरते. त्यात मूळ हूड अजून शाबूत आहे. ते रोज उघड-मीट करून घडीवर चिरू द्यायचं माझ्या जिवावर आलं. ते उतरवलं, ऊन दाखवलं आणि कमानींसकट कापडात बांधून माळ्यावर टांगलं. आता वापरायला दुसरं काहीतरी हवंच होतं.

कल्पना माझी नाही. १९३०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या कार्सन टॉप शॉपमध्ये ग्लेन हाउझर नावाच्या कारागिराने उघड्या फोर्ड गाड्यांसाठी असे टप करायला सुरुवात केली. ते घडी होत नसत, अख्खे उचलून बाजूला ठेवायचे. आत नळीचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर भरण आणि वरून ताणलेलं कापड, बहुतेक वेळा पांढरं किंवा फिकट. तिथली मंडळी त्यासोबत पुढची काचही कापून बुटकी करत, म्हणजे गाडी जमिनीला चिकटल्यासारखी दिसे. मला ते रूप आवडतं. पण काचेला हात लावायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच येतं. माझी अट एकच होती: या टपासाठी गाडीला एकही नवं भोक पडणार नाही. मूळ हूड पुढे काचेच्या चौकटीला जिथे धरतं आणि मागे ज्या खुंट्यांवर फिरतं, तेवढ्याच जागा वापरायच्या. टप उचलला की गाडी होती तशी दिसली पाहिजे. २०२१च्या केंद्राच्या नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज म्हणताना ती मूळ रूपात असावी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा, असं म्हटलं आहे. नियम नसता तरी मी भोक पाडलं नसतं. नव्वदीच्या आसपास पोचलेला पत्रा एकदा छिद्र पडलं की तिथूनच गंजायला लागतो.

या अटीमुळे काम अवघड झालं आणि चांगलंही झालं. वेल्डिंग गाडीवर करायचं नाही, कारण ठिणगी काचेवर पडली की बारीक खड्डा पडतो आणि तो घासून जात नाही. म्हणून गाडीच्या वरच्या कडेची मापं कागदावर उतरवून प्लायवूडचा साचा केला. त्या साच्यावर आधी जाड तारेने टपाची रेषा आखली. पुढे सीटवर उंच माणूस बसवला, मागे सासूबाईंना बसवलं, डोक्यावर किती जागा राहते ते पाहिलं. मग तार वाकवायची, लांब जाऊन बघायचं, परत येऊन वाकवायची. टपाची सगळी शोभा या रेषेत असते. काचेपासून हलकी चढावी, चालवणाऱ्याच्या डोक्यावरून मागे गेली की उतरत जावी आणि मागच्या कडेला सावकाश टेकावी. ती मधेच सपाट झाली की टेम्पोचं छत दिसतं. ही रेषा पटेपर्यंत मी नळी विकत आणली नाही.

नळी पाऊण इंची, १६ गेजची. वाकवताना चेपू नये म्हणून आत कोरडी रेती ठासून दोन्ही टोकं बुजवली. वेल्डिंग करणाऱ्या दादांनी सगळीकडे आधी नुसते टाके मारले, मग एक टाका डावीकडे, एक उजवीकडे असं पुरं केलं आणि सांगाडा थंड होईपर्यंत साच्यालाच करकचून बांधून ठेवला. गरम लोखंड आकसताना ओढ घेतं. मोकळं सोडलं असतं तर पीळ बसला असता. गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड, वर रंग, आणि मग जाळी. जाळी म्हणजे चिकन मेश, गिलावा करताना कॉलम आणि विटांच्या सांध्यावर मारतात तीच. तिची टोकं सगळी आत वळवायची, नाहीतर एक तार कधीतरी कापडातून वर येते.

आता गादी. कुशनवाल्यांचा पहिला सल्ला फोमचा होता, आणि बहुतेक जण तोच देतील. पण जुन्या मोटारींच्या छताचं अस्तर लोंबताना खान्देशात कुणी पाहिलं नाही? आतल्या फोमचा उन्हाने आणि वर्षांनी भुगा होतो, चिकटवलेला सोल्यूशनही उष्णतेने सैल पडतो. मला चिकटवलेलं काही नको होतं, शिवलेलं हवं होतं. आणि आपण कापसाच्या मुलखात राहतो! देशी कापूस आखूड धाग्याचा, जरा खरखरीत, म्हणून दाबला तरी पुन्हा फुगतो. लांब धाग्याचा मऊ कापूस लवकर बसतो. आमच्या पिंजारी चाचांनी तो पिंजून दिला आणि एक मोलाची गोष्ट सांगितली: "बेटा, उतारावरची गादी टाके मागते." टपाला सगळीकडे उतारच. कापूस मोकळा भरला तर हादऱ्यांनी सरकत कडेला गोळा होणार. म्हणून मांजरपाटाच्या दोन पदरांत कापूस घालून आडवे-उभे टाके घेतले, चौकोन लहान ठेवले. जाळीवर आधी गोणपाट, सुतळी-दाभणाने सांगाड्याला शिवलेलं. त्यावर ही गादी. तिच्यावर एक पातळ सलग थर, म्हणजे वरून टाक्यांचे खड्डे दिसू नयेत.

वरचं कॅनव्हास रिक्षाची हूडं शिवणाऱ्या कारागिराने शिवलं. कापड ताणून बसवायचं कसं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत असेल असं मला वाटत नाही. शिवणीची दुमड मागच्या बाजूला ठेवली, म्हणजे चालत्या गाडीत पाऊस सांध्यात न घुसता वरून निघून जातो. सुईच्या भोकांवर मेण चोळलं. रंग दुधी, कारण काळं कापड ऊन पितं. मागची खिडकी छोटी आहे, खरी टफन काच आहे. प्लास्टिक आमच्या धुळीत लवकर चरे पकडतं. खिडकी छोटी म्हणून बाहेरचा आरसा मात्र हवाच. आतून साधं सुती अस्तर.

टप जिथे गाडीवर टेकतो तिथे नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, लावला आहे, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात खोगिराखाली घालायला मिळतो तसा. त्यात धूळ बसली की तीच रंग घासते, म्हणून टप उतरवला की नमदा झटकायचा आणि पाऊस लागला असेल तर वाळवल्याशिवाय परत चढवायचा नाही. पुढची पकड घट्ट हवी. वेग आला की वारा काचेवरून वर चढतो आणि टपाला उचलू पाहतो. मागची बाजू वजनाने बसते, पुढची फक्त कुलपाने.

दुपारी पारोळ्याच्या रस्त्याला फरक कळतो. टपाला आतून हात लावला तर कोमट लागतो, त्यापेक्षा जास्त नाही. रस्त्याचा आवाजही दबतो, शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागत नाही. दिवाळीनंतर टप उतरवायचा, दोन माणसं सहज उचलतात, आणि थंडीभर उघडी गाडी. उतरवलेला टप जमिनीवर ठेवू नका. कापूस म्हणजे उंदरांना आयतं घर. आम्ही तो आढ्याला दोरांनी टांगतो.

"कितला लागनात?" हाही प्रश्न असतोच. सामान फार महाग नाही. पैसा मजुरीत जातो आणि तो घासाघीस न करता द्यावा असं माझं मत आहे.

प्लायवूडचा साचा मी मोडलेला नाही. तुमच्याकडे मॉरिस एटची टूरर असेल तर न्या, वापरा. पण या गाड्यांच्या बॉडीत हातकाम बरंच आहे, दुरुस्त्याही प्रत्येकीच्या वेगळ्या झालेल्या असतात. त्यामुळे साचा आधी तुमच्या गाडीवर ठेवून बघा, फट कुठे राहते ते खडूने खुणा करून घ्या, आणि मगच नळी आणायला जा.