कोरड्या जागेचा भाव

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या दोन रेघा आहेत. वरची 2019 ची, खालची 2021 ची. कितीही रंग दिला तरी पोपडे धरतात आणि रेघा परत दिसायला लागतात. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं; धोक्याची पातळी 45 ची. आम्ही नणंदेकडे, शहरातच उंचावर असलेल्या विश्रामबागला राहिलो. परत आलो तर घरात गुडघाभर गाळ आणि कुजलेल्या गव्हाचा वास. सासूबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "काय वाट्टेल ते करा, पण उंचावर घर बघा."

ते मिळायला साडेचार वर्षं गेली.

पुरातून उठलेल्या प्रत्येकालाच उंचावर जागा हवी होती. विश्रामबागला आम्हाला त्या दिवाळीत 3,200 रुपये चौरस फूट दर सांगितला होता. जमवाजमव करेपर्यंत लॉकडाऊन लागला, ह्यांचा हळदीच्या अडतीवरचा पगार निम्म्यावर आला. 2021 च्या पुरानंतर त्याच गल्लीत 4,100, पुढच्या वर्षी 4,700. आम्ही वर्षाकाठी लाख-सव्वा लाख मागं टाकायचो, तेवढ्यात फ्लॅट चार-पाच लाखांनी पुढं गेलेला असायचा.

जुन्या दोन खोल्या विकून भर घालावी म्हटलं, तर येणारा माणूस आधी भिंतच बघायचा. "पुराचं घर, वहिनी. निम्म्यात देत असाल तर बोला." म्हणजे आहे ते घर पडत्या भावात आणि हवं ते चढत्या. ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्यांनाच कोरडी जागा परवडू नये, याचा मला आजही संताप येतो.

2022 मध्ये एक फ्लॅट 34 लाखांना ठरला. 51 हजार विसार दिला, पावती साध्या कागदावर. मी खिडक्यांची मापंसुद्धा घेऊन आले होते, पडद्यांसाठी. बँकेत कागद फिरत होते आणि आठव्या दिवशी मालकानं विसार परत आणून दिला. पुण्याची पार्टी दोन लाख जास्त देत होती. साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, नोंदवून घेतलं असतं तर मालकाला इतक्या सहज फिरता आलं नसतं, हे वकिलांनी नंतर सांगितलं. मापांची चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्ये आहे.

मग एजंटानं गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेला प्लॉट दाखवला. "नियमित होतंय सगळं, ताई." सातबाऱ्यावर अकरा नावं, बिगरशेती झालेली नाही. तिथून उठलो.

शेवटी कुपवाडच्या बाजूला जुन्या इमारतीतला वन बीएचके मिळाला. दुसरा मजला, लिफ्ट नाही, 21 लाख. बँकेनं 80 टक्के कर्ज दिलं. ह्यांच्याकडे फॉर्म 16, म्हणजे मालकानं द्यायचा पगार-कराचा दाखला नव्हता, म्हणून तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि पेढीचं पत्र जोडावं लागलं. वरचे 4 लाख 20 हजार आमचे. मुद्रांक शुल्क त्यात धरत नाहीत, ते वेगळं रोख लागतं, हे आधी कुणी नीट सांगत नाही. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर महापालिका हद्दीत 6 ऐवजी 5 टक्के पडतं, म्हणून घर माझ्या एकटीच्या नावावर केलं. त्यात वाचलेले 21 हजार नोंदणी फीला गेले. माझ्या चार बांगड्या मोडल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये दस्त झाला. सासूबाई दोन जिने थांबत थांबत चढल्या आणि पहिल्यांदा गॅलरीतून खाली बघितलं.

विश्रामबाग आमच्या हातून गेलं ते गेलंच. मुलीची शाळा लांब पडते.

पहिल्याच पावसाळ्यात कोयना धरणातून सोडलेलं पाणी वाढल्याची बातमी आली आणि गावभागातल्या शेजारच्या काकूंचा फोन आला. त्यांचंही घर चार वर्षं विक्रीला आहे, कुणी घेत नाही. संध्याकाळी ह्यांनी टेम्पो नेला. काकूंची ट्रंक, शिलाई मशीन आणि गव्हाची दोन पोती सध्या आमच्या हॉलमध्ये आहेत.