आमची वाटचाल : संगणक विकण्यापासून मोजमाप करण्यापर्यंत

पाषाण रस्ता आणि विद्यापीठाचं आवार एवढ्या टापूत पुण्यातल्या बऱ्याच संशोधन संस्था आहेत, आणि आमच्या छोट्या फर्मचा संसार त्यांच्याच जिवावर चालतो. सुरुवातीला संगणक असेंबल करून पुरवायचे, मग त्यांची एएमसी (वार्षिक देखभालीचं कंत्राट) घ्यायची, असं सरळ काम होतं. २०१६ साली सरकारी खरेदीचं जेम पोर्टल आलं, २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांनी ते वापरणं बंधनकारक केलं आणि नुसते डबे विकण्यातलं मार्जिन संपलं. उरलं ते खरेदीच्या आधीचं काम. शास्त्रज्ञाला यंत्र हवं असतं, वित्त विभागाला कारण हवं असतं. ते कारण मोजून काढून देणं हा आता आमचा मुख्य व्यवसाय आहे. जिथे आम्ही मोजमाप करतो, त्या निविदेत आम्ही दर भरत नाही. त्यात काही ऑर्डरी हातच्या जातात. पण स्पेसिफिकेशन लिहिणारा आणि माल विकणारा एकच असला, की ऑडिटचा आक्षेप ठरलेला.

‘संगणक सहा वर्षं जुना आहे, फार संथ चालतो’ एवढ्या टिपणावर फाइल परत येते, आणि यायलाच हवी. खरेदी समितीचा प्रश्न साधा असतो : आहे तो चालतोय ना? त्यावर वयाचं उत्तर चालत नाही. काम कुठे आणि कशापायी अडतंय, ते दाखवावं लागतं.

लिनक्स सर्व्हर असेल तर सिसस्टॅट हे यंत्रावरचा ताण नोंदवणारं पॅकेज बसवून दर पाच मिनिटांची नोंद निदान महिनाभर ठेवायची. प्रोसेसर, मेमरी, स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) आणि डिस्कसाठी थांबण्याचा वेळ हे चार आकडे पुरतात. क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, स्लर्म हे कामं रांगेने सोडणारं सॉफ्टवेअर असेल तर प्रत्येक जॉब (यंत्राला दिलेलं एक काम) कधी दिला, कधी सुरू झाला आणि त्याने जास्तीत जास्त किती मेमरी घेतली, हे त्याच्या हिशेबातच मिळतं. ‘जॉबला सरासरी इतके तास रांगेत थांबावं लागतं’ हे वाक्य प्रोसेसरच्या कुठल्याही स्तुतीपेक्षा जास्त काम करतं. मात्र सरासरीबरोबर मध्यकही (मीडियन) द्या. एखाद्या विद्यार्थ्याने शनिवारी रात्री पाचशे जॉब एकदम टाकले, तरी सरासरी फुगते.

मोजल्यावर मागणीच बदलते, असं पुष्कळदा होतं. नवा सर्व्हर मागायला निघालेल्या गटाचा प्रोसेसर खरं तर डिस्कची वाट पाहत बसलेला असतो. तिथे एक एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) पुरते. किंवा प्रोसेसरला मेमरीचे आठ चॅनेल (मेमरीशी बोलायच्या वाटा) असतात आणि स्वस्तात पडावं म्हणून खरेदीच्या वेळी दोनच मेमरी पट्ट्या घेतलेल्या असतात. रेणूंची वा हवामानाची गणितं मेमरीच्या वेगावर अडतात, त्यामुळे प्रोसेसरचे सगळे कोअर कामात दिसूनही उत्तर उशिरा येतं. उरलेल्या सहा खाचा भरल्या की त्याच यंत्रात फरक पडतो. पट्ट्या घेताना जुन्या पट्टीचा पार्ट नंबर पाहूनच घ्याव्यात. आरडीआयएमएम आणि एलआरडीआयएमएम या सर्व्हरच्या मेमरीच्या दोन जाती एकत्र चालत नाहीत, आणि साधी डेस्कटॉपची मेमरी सर्व्हरला चालत नाही.

नवं उपकरण आलं, की नव्या संगणकाच्या मागणीचं समर्थन आपोआप तयार होतं, फक्त गुणाकार करायला हवा. सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलचा, १६ बिटचा आणि सेकंदाला १०० चौकटी (फ्रेम) टिपणारा असेल, तर एक चौकट सुमारे ८.४ एमबीची, म्हणजे सेकंदाला ८४० एमबी. साटा जोडणीची साधी एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास दम टाकते, म्हणजे चौकटी गळणार. दहा मिनिटांचं चित्रीकरण ५०० जीबीवर जातं. एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून ते हलवायला तासाहून अधिक वेळ लागतो, दहा गिगाबिटवर सात-आठ मिनिटं. एवढा हिशेब टिपणात मांडला, तर एनव्हीएमई आणि दहा गिगाबिटचं कार्ड का हवं, हे लेखाधिकाऱ्यालाही पटतं. मोठ्या प्रमाणावर हेच खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बीण केंद्रात झालं. तिथल्या दुर्बिणीची बँडविड्थ (एका वेळी टिपायच्या लहरींचा पट्टा) ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झवर नेली, तेव्हा मागची सगळी संगणकीय यंत्रणा बदलावी लागली. ते काम तिथल्या अभियंत्यांचं. आम्ही त्या उदाहरणातून शिकलो ते असं, की आधी विदा (डेटा) किती वाढणार ते लिहायचं, यंत्राचं नाव नंतर.

सगळ्यात नाजूक मामला उपकरणांना जोडलेल्या संगणकांचा. एचपीएलसी, एक्सआरडी, जुने स्पेक्ट्रोमीटर ही नमुने तपासायची उपकरणं आजही कुठे कुठे विंडोज एक्सपीवर चालतात. उपकरण कोटीचं, संगणक काही हजारांचा, आणि तो बदलला तर उपकरणच बंद पडायचं, कारण उपकरण चालवणारं कंट्रोल कार्ड पीसीआय या जुन्या जातीच्या खाचेचं असतं आणि नव्या मदरबोर्डवर ती खाचच नसते. सॉफ्टवेअरचा डाँगल (परवान्याची किल्ली) पॅरलल पोर्टवर असेल तर यूएसबीचा अडॅप्टर लावून तो सहसा ओळखला जात नाही. ते अडॅप्टर प्रिंटरपुरते असतात.

अशा संगणकाने सुरू व्हायला नकार दिला, तर खरेदीची फाइल उघडण्याआधी मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल बदलून पाहा. सेल संपला की बायॉस (यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) मूळ सेटिंगवर जातो, काही बोर्डांवर त्यामुळे डिस्क जोडण्याची पद्धत आयडीईवरून एएचसीआयवर जाते आणि एक्सपी सुरू न होता ७बी क्रमांकाच्या चुकीची निळी पाटी दाखवतो. तारीख मागे जाते ती वेगळीच, मग सॉफ्टवेअरचा परवाना नाकारला जातो. पन्नास रुपयांच्या आतल्या सेलसाठी नव्या संगणकाची मागणी गेल्याचं दिसतं, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

डिस्क खडखडत असेल तर आधी डीडीरेस्क्यू या साधनाने लॉग फाइल ठेवून प्रत काढायची. खराब सेक्टर आले की साधी क्लोनिंगची साधनं मध्येच थांबतात. मग ती प्रत एसएसडीवर चढवायची. एक्सपीचं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू होतं, ते २०४८वर सरकवलं नाही तर एसएसडी विनाकारण मंदावते. त्याच पिढीचा एक मदरबोर्ड सुटा घेऊन ठेवावा आणि हा संगणक नेटवर्कपासून तोडावा. फाइल काढायला मध्ये एक छोटा लिनक्स संगणक लागतो, कारण एक्सपीला एसएमबी या फाइल-देवाणघेवाणीच्या पद्धतीची पहिलीच आवृत्ती येते आणि विंडोज १०ने २०१७पासून ती मुळात बंद ठेवली आहे. इथे समर्थन लिहायचं ते बदलीचं नाही, सुट्या भागांचं. रक्कम छोटी असल्याने ते बहुधा आकस्मिक खर्चातच बसतं.

कार्यालयीन संगणकांचं कारण १४ ऑक्टोबर २०२५ला तयार होऊन आलं : विंडोज १०चा आधार (कंपनीकडून येणारे नेहमीचे सुधार) संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलच्या प्रोसेसरची साधारण आठवी पिढी. त्याआधीची यंत्रं नियमानुसार बाद. पण उपकरणावरच्या संगणकासाठी ही तारीख छापून देऊ नका. त्यावर विंडोज १०ची आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ ही दीर्घ आधाराची आवृत्ती असेल तर आधार २०३२पर्यंत आहे, आणि समितीत एखादा जाणकार असतोच.

वीज हा मुद्दा लोक विसरतात. प्रत्येकी ३५० वॉट घेणारे आठ जुने नोड (क्लस्टरमधले संगणक), म्हणजे २.८ किलोवॉट. वर्षाला सुमारे २४,५०० युनिट. तेच काम ८०० वॉटच्या एका यंत्रावर झालं, तर सुमारे ७,००० युनिट. एसीची बचत वेगळी. संस्थेच्या बिलातला दर घालून येणारी रक्कम लिहावी, आमचा अंदाज नको.

साठवणुकीत आमचा आग्रह एकच : मोठ्या डिस्कवर रेड ५ (अनेक डिस्क जोडून त्यातली एक बिघडली तरी विदा वाचवणारी रचना) मागू नये. बिघडलेलीच्या जागी घातलेली १२ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीने भरली तरी पुनर्बांधणीला २२ तास लागतात, आणि काम चालू असताना त्याहून जास्त. तेवढ्यात दुसरी डिस्क गेली तर सगळं गेलं. म्हणून दोन डिस्क गेल्या तरी तगणारं रेड ६, शिवाय बॅकअप वेगळा. टेपवर ठेवलं असेल तर ड्राइव्ह बदलताना जपून. एलटीओ या टेपच्या पिढ्या असतात : एलटीओ-८चा ड्राइव्ह एलटीओ-७ वाचतो, एलटीओ-६ वाचत नाही.

पैशांचा भाग लिहिताना जुन्या फाइलीतले कर उतरवून घेऊ नका. सार्वजनिक निधीवरच्या संशोधन संस्थांना मिळणारी ५ टक्के जीएसटीची सवलत १८ जुलै २०२२पासून गेली. १० लाखांचा सर्व्हर साडेदहा लाखांना पडायचा, तो आता ११ लाख ८० हजारांना पडतो. या फरकावर मंजुरी अडते आणि मार्च निघून जातो. यूपीएसच्या बॅटऱ्या, रॅकमधली जागा, दहा गिगाबिटच्या स्विचमधली मोकळी पोर्ट्स हेही त्याच अंदाजपत्रकात हवं.

जुन्या यंत्रांचं काय होणार, हा परिच्छेद टिपणात असला की फाइल लवकर हलते. डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीतला क्रमांक, निर्लेखनाचा (वहीतून वजा करण्याचा) प्रस्ताव, डिस्क पुसल्याचा दाखला आणि नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे दिल्याची पावती. निर्लेखन व्हायच्या आधी त्यातल्या मेमरी पट्ट्या काढून दुसऱ्या यंत्रात बसवल्या असतील, तर तशी नोंद त्याच वहीत करून ठेवावी. ऑडिटवाले झाकण उघडून पाहतात.