मॅयेनचं कार्ड: 'महत्' बाहेर, 'मघवा' पेन्सिलीत

शब्दांची मुळं शोधून मी कार्डांवर लिहितो. त्यातलं मागच्या नोंदीत शंकेच्या लाल खुणेवर अडलेलं मॅयेनचं कार्ड अखेर हललं. मॅयेन हा जुन्या इंग्रजीतला 'बळ' या अर्थाचा शब्द, म्हणजे आपल्या मेन रोड, मेन स्विचमधल्या 'मेन'चं मूळ. मधला ग तेव्हाच य झाला होता, म्हणून उच्चार मॅगेन नव्हे, मॅयेन. नॉर्समध्ये, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेत, 'मेगिन': थॉर देवाचा बळ वाढवणारा कमरपट्टा 'मेगिनग्यर्द', त्याचा मुलगा मग्नी. जर्मनमध्ये माइनहार्टसारखी नावं. फ्रँकफुर्टची माइन नदी यादीतून काढली. रोमन तिला मोएनुस म्हणत, ती वेगळ्या घरची.

अडत होतं ते 'महत्'पाशी: तो आणि मॅयेन एकाच मुळाचे का? संस्कृतकडून पाहिलं तर ही जोडी इतकी छान बसते की सोडवत नाही. 'वह्' धातू, वाहन. जर्मन 'वागन', जुनी इंग्रजी 'वॅय्न', अर्थ गाडी. हंस, जर्मन 'गान्स'. संस्कृतात ह तिथे जर्मानिकमध्ये (इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात) ग. मग 'मह्' आणि मॅयेन का नको? आपल्यापैकी अनेकांच्या तक्त्यांत ही जोडी आहे, आणि ती तिथे कशी शिरली हे आता कळतं.

पण 'महत्'चे भाऊ ग्रीक 'मेगास', लॅटिन 'माग्नुस'! दोन्हींत साधा ग. हंसाला ग्रीकमध्ये 'खेन' म्हणतात. या सगळ्यांच्या आदिभाषेत मुळात घ असता तर इथेही ख दिसला असता. त्यात जर्मानिकमधल्या व्यंजनबदलाच्या ग्रिमच्या नियमाने लॅटिन ग चा जर्मानिकमध्ये क व्हायला हवा, आणि तो क हजर आहे: गॉथिक (जुनी जर्मानिक भाषा) 'मिकिल्स', जुनी इंग्रजी 'मिचेल', दोन्हींचा अर्थ मोठा, आजचं 'मच'. महत्‌ची जागा आधीच भरलेली.

मग संस्कृतात ह आला कुठून? पोकोर्नीच्या 1959च्या व्युत्पत्तिकोशात याचं उत्तर मिळत नाही. तो लॅरिंजिअल, म्हणजे आदिभाषेतले पुढे बहुतेक लुप्त झालेले कंठ्य ध्वनी, मानत नाही, हकार कंसात टाकतो आणि मोकळा होतो. (लोक अजूनही तो कोश वेदवाक्य धरतात, म्हणून हा राग.) कुलूप उघडलं 'अहम्'ने. अहम्, लॅटिन एगो, गॉथिक इक. ह–ग–क, हुबेहूब तीच रांग! मूळ ग च्या मागे एक लॅरिंजिअल होता, संस्कृतात तो व्यंजनाला महाप्राण करून नाहीसा झाला. ग्रीक-लॅटिनमध्ये ग तसाच राहिला. त्यानंतर 'हनु' पाहिला: ग्रीक गेनुस, गॉथिक किन्नुस, इंग्रजी चिन. ती संध्याकाळ मजेत गेली.

मॅयेनचा खरा धातू 'शकणे'वाला: इंग्रजी मे आणि माइट, जर्मन माख्ट, रशियन मोच. पोकोर्नी इथे वेदातला 'मघ' आणि इंद्राचा 'मघवा' आणतो. ध्वनी बसतो. पण मघ म्हणजे दान, देणगी. 'शकणे'पासून तिथवर अर्थाची उडी मला लांब वाटते, म्हणून पेन्सिलीनेच लिहिलंय.

अर्थाच्या रकान्यात मात्र शाई. 991च्या माल्डनच्या लढाईवरल्या कवितेत म्हातारा योद्धा म्हणतो, आपलं मॅयेन घटेल तसं मन अधिक कणखर व्हावं. इथे मॅयेन म्हणजे अंगातलं बळ की उरलेली माणसं? दोन्ही. संस्कृत 'बल'ही ताकद आणि सैन्य दोन्ही पेलतं, त्यामुळे आपल्याला हे समजवावं लागत नाही. यासाठी जुन्या इंग्रजीचा बॉसवर्थ-टॉलर कोश पुरेसा आहे, तोही फुकट. क्रोनेनचा 2013चा जर्मानिक व्युत्पत्तिकोश उत्तम, पण किंमत पाहून मी वाचनालयाचीच प्रत वापरतो.

पुढचं कार्ड 'क्राफ्ट'चं ठरलं होतं. तोही मुळात बळच, मग कौशल्य झाला. पण हे लिहिताना इंग्रजी 'डिसमे' (हवालदिल होणं) आठवला. मॅयेनच्याच धातूला लॅटिन 'एक्स' लागून, फ्रेंचमार्गे आलेला. त्याचा पोर्तुगीज भाऊ 'देझ्मायार' म्हणजे शुद्ध हरपणे, अंगातलं बळच जाणं. क्राफ्ट थांबेल. गोव्यातल्या कुणी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात हा शब्द ऐकला असेल, तर कुठे आणि कोणत्या अर्थाने ते कळवा. कार्डावर रकाना मोकळा ठेवलाय.