ठमी शिडीपाशी बसली

कळसूबाईला जायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांना काळजी माझ्या गुडघ्यांची. "आई, जमेल ना?" लेकीने फोनवर तीनदा विचारलं. ठमीला जमेल का, हे कुणाच्या मनातही आलं नाही. ठमी म्हणजे लेकीची कुत्री. गावठी, पिवळट, एक कान उभा आणि एक पडलेला, वय वर्षे नऊ. कुत्र्यांच्या हिशेबाने ती माझ्याच आगेमागे असणार, पण तिला कुणी "बीपीची गोळी घेतलीस का" म्हणून विचारत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून घोटीमार्गे निघालो. भंडारदऱ्याला लेकीने रिसॉर्ट घेतलं होतं. फोनवर "कुत्रा चालेल" म्हणाले होते. दारात पोचल्यावर कळलं की चालेल, पण खोलीत नाही, मागे जनरेटरशेजारी बांधायचा, आणि त्याचे हजार रुपये वेगळे. जनरेटरशेजारच्या जागेचे हजार! जावई भांडायच्या तयारीत, लेक रडायच्या. मी म्हटलं, गाडी वळवा. अंधार पडेपर्यंत फिरून शेवटी बारी गावात एका घरात ओसरी आणि पुढची खोली मिळाली. लेकीने भीत भीत विचारलं, "कुत्रीचे वेगळे किती?" घरच्या मावशी म्हणाल्या, "तिचं काय घ्यायचं? ती काय गादीवर निजणार हाय का?"

ठमी गादीवरच निजली. सकाळी मावशींनी पाहिलं आणि हसून चुलीकडे वळल्या. त्यांचा स्वतःचा कुत्रा मात्र अंगणातून आमच्याकडे असा बघत होता की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मधले दोन दिवस असेच गेले. धरण पाहिलं, रंधा धबधबा पाहिला, नातवाला सांगितलं की हे विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं, तेव्हा तुझी पणजीसुद्धा जन्मली नव्हती. त्याने विचारलं, "मग डायनोसॉर होते?"

तिसऱ्या दिवशी पहाटे डोंगर. भातं कापून झालेली, खाचरांत पेंढ्या पडलेल्या आणि त्या ओल्या पेंढ्याचा वास. सगळा भाग अभयारण्याचा, म्हणून ठमीचा पट्टा काढायचा नाही ही माझी अट होती, आणि पट्टा धरायचा मान मीच घेतला. खरं सांगायचं तर चढावर ती पुढे ओढते, तेवढीच मदत.

आता माझी अडचण सांगते. १९७९ साली मी कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर हे शिखर चढले होते, पाचवारी साडी खोचून, साखळी धरून. १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यांत उंच. ही गोष्ट मी नातवाला इतक्या वेळा सांगितली आहे की साखळी दरवेळी थोडी लांब होत गेली. आता अवघड जागी लोखंडी शिड्या लावल्या आहेत, दोन्ही बाजूंना कठडे. म्हणजे न जमण्याचं कारणच उरलं नाही.

पहिल्या शिडीपाशी ही गर्दी! कुणाच्या तरी सॅकमध्ये स्पीकर ठणाणा वाजतोय, एक टोळकं मधल्या पायरीवर थांबून फोटो काढतंय, खाली रांग खोळंबलेली. डोंगरावर गाणी लावणाऱ्यांना कळसूबाईने काय शिक्षा द्यावी याचा मी विचार करत होते, तेवढ्यात पट्टा ताणला. ठमीने पहिल्या पायरीवर पंजा ठेवला, दोन पायऱ्यांमधल्या फटीतून खालचं पाहिलं, पंजा काढून घेतला आणि खाली बसली. बिस्किट दाखवलं, नाही. जावयाने उचलायला घेतलं तर तिने अंग असं सैल सोडलं की अठरा किलोची कुत्री पन्नासची झाली. मागची रांग कुरकुरायला लागली.

"मी थांबते हिच्यापाशी," मी म्हटलं.

"आई, पण तुझी किती इच्छा होती!"

"असू दे गं. मुकं जनावर आहे, त्याला कोण बघणार?"

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. जावयाने खाली वाकून नमस्कारच करायचा बाकी ठेवला. मी त्यागमूर्तीसारखा चेहरा करून उभी राहिले. पण फटीतून खाली मीही पाहिलं होतं, ठमीच्या आधी. उजवा गुडघा तासाभरापासून कटकट करत होता आणि कुणाला सांगायचं कसं, या विवंचनेत मी होते. ठमी बसली नसती तर मी काय केलं असतं, देव जाणे.

शेजारी एक बाई लिंबू सरबत आणि काकड्या विकत होत्या. पाण्याचे हंडे रोज पहाटे त्याच खालून डोक्यावर आणतात, आणि इथे मी रिकाम्या हातांनी दमले होते. त्यांनी ठमीसाठी वाटीत पाणी ओतलं. "शहाणी हाय तुमची कुत्री. चढल एक येळ, पन उतरवनार कोन?"

मग त्यांनी कळसूबाईची गोष्ट सांगितली. मला माहीत होती, तरी ऐकली. कळसू एका कोळ्याच्या घरी कामाला राहिली, पण अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस पाहुणे आले आणि तिला भांडी घासायला लावली. घासली तिने. त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. आणि मग उठून जी डोंगरावर गेली ती परत आलीच नाही. एकोणऐंशी साली ही गोष्ट ऐकून आम्ही मैत्रिणी हसलो होतो. या वेळी नाही हसू आलं. चाळीस वर्षांची भांडी डोळ्यांपुढे आली. बाई म्हणाल्या, "आपल्याला कुठं जमतंय असं निघून जायला," आणि काकडी कापायला लागल्या.

अडीच तास बसलो. एवढा वेळ काही न करता बसल्याचं मला अलीकडे आठवत नाही. मध्ये एक माकड आलं आणि चकल्यांचा डबाच घेऊन गेलं. ठमी तेव्हा माझ्या पदराआड होती.

मंडळी उतरली ती घामाघूम, कपाळाला कुंकू, हातात नारळ. वर म्हणे देवळापाशी अर्धा तास रांग होती. उतरताना नातू माझ्याबरोबर मागे राहिला. पट्टा त्याच्या एका हातात, माझा हात दुसऱ्यात.

"आजी, खरं सांग. आधी कोण घाबरलं, ठमी की तू?"

"ठमी."

"आणि मग?"

मी त्याला पायाखाली बघून चालायला सांगितलं.