‘पित्ताचा त्रास गेला का?’ एवढं विचारून भागत नाही

पित्ताशय काढल्यावर रुग्णाला ‘पित्ताचा त्रास गेला का?’ असं विचारलं, तर त्या उत्तरावरून काहीच ठरवता येत नाही. मराठीत पित्त म्हणजे आंबट ढेकर, छातीतली जळजळ, उपाशीपोटी चढणारं डोकं आणि अंगावर उठणाऱ्या गांधीसुद्धा. यातलं बरंचसं ऑपरेशननंतरही राहू शकतं, कारण ते पित्ताशयातल्या खड्यांमुळे नव्हतंच. म्हणून ऑपरेशनचा फायदा किती झाला हे मोजणाऱ्या प्रश्नावलीत ‘पित्त’ हा शब्द एकटा वापरू नये. जळजळ, आंबट पाणी वर येणं, पोट फुगणं, उजव्या बरगडीखालची कळ, सगळं वेगवेगळं विचारावं.

मुंबईत 1990 साली जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आज हे ऑपरेशन नेहमीचं आहे आणि जखम लवकर भरते. त्यामुळे रुग्णाचं जगणं किती सुधारलं, हे मोजणं जास्त महत्त्वाचं झालं आहे.

त्यासाठी जीआयक्यूएलआय ही पोटाच्या विकारांची प्रश्नावली खूप वापरली जाते. 36 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 144. गुण जितके जास्त तितकी तब्येत चांगली. प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल असतात आणि नेमकी इथेच चूक होते. टाके काढायला आठव्या दिवशी आलेल्या रुग्णाकडून फॉर्म भरून घेतला, तर त्यात ऑपरेशनआधीचे दिवसही मोजले जातात. ऑपरेशननंतरचा पहिला फॉर्म चार आठवड्यांनी घ्यावा, मग तीन आणि सहा महिन्यांनी. ऑपरेशनआधीचा फॉर्म मात्र हवाच. तो नसेल तर नंतरचे 110 गुण म्हणजे सुधारणा की घसरण, हे कळणारच नाही. पोटात कळ येत होती की नुसतं अपचन होतं, हेही तेव्हाच लिहून ठेवावं. नुसत्या अपचनासाठी ऑपरेशन झालं असेल, तर आराम पडण्याची खात्री कमी असते.

आवडीचे पदार्थ सोडावे लागले का, या प्रश्नाचं उत्तर फार जपून वाचावं लागतं. तळलेला बोंबील त्रास होतो म्हणून बंद आहे, की घरच्यांनी भीतीने बंद केलाय? की श्रावण चालू आहे? तिन्हींचं उत्तर ‘हो’च येतं, पण आजाराचं फक्त पहिलं. शेजारी कारण लिहावं, तारीखही.

लैंगिक संबंधांचा प्रश्न अनेकजण कोरा सोडतात. एक्सेलमध्ये बेरीज करताना कोरी जागा शून्य धरली जाते आणि शून्य म्हणजे सर्वांत वाईट अवस्था. एका संकोचापायी चार गुणांपर्यंत घट दिसते. कोरं ते कोरंच ठेवावं आणि किती प्रश्न सुटले ते नोंदवावं. स्त्री रुग्णाला विचारताना सासू किंवा नवरा शेजारी नसावा, ही साधी काळजी घेतली तरी उत्तरं मिळू लागतात.

सहा महिन्यांनी खरी अडचण येते. रुग्ण गावी गेलेला असतो, फोन मुलगा उचलतो आणि ‘आई एकदम ठीक आहे’ म्हणतो. हे आईचं उत्तर नव्हे. ओपीडीत परत येतात ते बहुधा तक्रार असलेलेच, त्यामुळे फक्त त्यांचेच फॉर्म मोजले तर चित्र उगाच वाईट दिसतं. डिस्चार्जच्या दिवशीच दोन नंबर घ्यावेत, त्यातला एक गावाकडचा, आणि रुग्णाला निवांतपणे कधी बोलता येईल तेही विचारून ठेवावं.